आखूड पायाची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मघापर्यंत माझे तोंड भिंतीकडे होते आणि डोक्यावरून पोते टाकलेले होते. आता पोते निघाले आहे, तोंड दाराकडे झाले आहे आणि दोन उन्हाळ्यांनंतर मला बाहेरचे ऊन दिसते आहे. मागच्या अंगणात सुतारदादाचे काम चालले आहे. ते होईपर्यंत मला थोडा वेळ आहे. तेवढ्यात, मित्रांनो, माझी हकिकत तुम्हाला सांगून टाकते. नंतर सांगायला जमेल असे वाटत नाही.

माझा जन्म याच जागेत झाला. ही जागा म्हणजे रस्त्यावर सापडलेल्या, कुणी सोडून दिलेल्या कुत्र्यांचा निवारा. पुढे एक मोठी खोली, तिथे पिल्ले राहतात. तिच्यामागे लांबट बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना मोठ्या कुत्र्यांचे पिंजरे, आणि अगदी टोकाला ही आजाऱ्यांची खोली, तिला मागच्या अंगणात उघडणारे आणखी एक दार. सगळे झाडणे-धुणे, खाणे-पिणे मावशी बघते. ती नेमकी कुणाची मावशी हे मला आजवर कळलेले नाही. डॉक्टरीणबाई तिला मावशी म्हणतात, दूधवाला मावशी म्हणतो, आणि माझी खात्री आहे की कुत्रीसुद्धा मनातल्या मनात तेच म्हणत असणार.

एकदा तिचा थोरला भाऊ पिंजऱ्यांची दारे दुरुस्त करायला आला. तो सुतार. बहीण उपड्या बादलीवर बसून पिल्लांना भरवते आहे हे त्याने पाहिले आणि त्याला ते लागले.

"अगं, बादलीवर कसली बसतेस? भाऊ सुतार आणि बहीण बादलीवर, लोक काय म्हणतील?"

"लोकांना बोलव बघायला. तिकीट लावू," मावशी म्हणाली.

दारांचे जे लाकूड उरले होते त्यातून दुपारभरात त्याने मला उभे केले. माझे हात मुद्दाम रुंद ठेवले, म्हणजे पिल्लू मांडीवर घेतले की बसणाऱ्याला कोपर टेकता यावे. सगळे झकास जमले, फक्त मागचा एक पाय नखभर आखूड राहिला. त्यामुळे माझ्यावर बसून कुणी जरा हलले की मी डुगडुगते आणि फरशीवर टक टक वाजते. त्याने पाचर शोधायला घेतली, तेवढ्यात अंधारून आले, आणि 'पुढच्या खेपेला बघू' म्हणून तो हत्यारे गोळा करून गेला. सुतारांची पुढची खेप कधी येते हे तुम्हाला ठाऊकच असेल.

मला पिल्लांच्या खोलीत ठेवले गेले. सकाळी मावशी माझ्यावर बसून बाटलीने दूध पाजायची. दुपारनंतर माणसे यायची. ज्यांना पिल्लू घरी न्यायचे असेल त्यांना मावशी आधी माझ्यावर बसवायची, मांडीवर पिल्लू द्यायची आणि स्वतः खराटा घेऊन लांब जायची. खराटा नुसता दाखवायला. तिचे सगळे लक्ष माझ्याकडे असे.

मित्रांनो, खुर्चीला माणसाचे तोंड फारसे दिसत नाही. तिला कळते ती त्याची बैठक. तोंडाने 'अय्या किती गोड' म्हणणारी बाई माझ्या अगदी कडेला टेकलेली असायची, उठायच्या तयारीत. ती रिकाम्या हाताने जाणार हे मला पहिल्या झटक्यात कळे. एखादा गप्प माणूस मात्र आत सरकून पाठ टेकायचा, पाय पसरायचा आणि पिल्लू झोपले की श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. तो पिल्लू घेऊनच जाई. आणि मी टक टक वाजले की पिल्ले डोळे मिटायची. का, ते मला सांगता येणार नाही. पण मावशीला ते कळले होते. कुणी माझ्या पायाखाली कागदाची घडी सारायला लागले की ती ओरडायची, "राहू द्या हो, ती डुगडुगते म्हणूनच तर बरी आहे."

माझे कौतुक होई आणि मला ते आवडे. पुढे कुणीतरी प्लास्टिकच्या खुर्च्या दान दिल्या. एकावर एक रचल्या जाणाऱ्या, एकसारख्या, चारही पाय सरळ. मी त्यांच्याकडे बघून नाक मुरडले. त्यांच्यावर सलाईनच्या बाटल्यांची खोकी ठेवली जायची, माझ्यावर माणसे बसायची. एवढा मान एका खुर्चीला पुरे होतो.

मग एक दिवस एक भला माणूस टोपलीभर पिल्ले घेऊन आला. बांधकामाच्या वाळूत सापडली म्हणाला. इथला नियम असा, की नवीन आलेले पिल्लू आधी काही दिवस वेगळ्या खोलीत राहणार, लस घेणार, आणि ठणठणीत आहे असे दिसले तरच बाकीच्यांत मिसळणार. पण त्या दिवशी थंडी फार होती आणि वेगळ्या खोलीतला उबेचा दिवा गेलेला होता. टोपलीतली पिल्ले थरथर कापत होती.

"आजच्या दिवस इथेच राहू देत," मावशी म्हणाली आणि टोपली माझ्या पायाशी ठेवली.

तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केले असते. मी तर मनातून खूशच झाले.

दोन-तीन दिवस मजेत गेले. मग टोपलीतल्यांपैकी एक पिल्लू वाटीकडे आले नाही. कोपऱ्यात पाठ फिरवून बसले. त्याला उलट्या झाल्या, मग रक्ताची हगवण लागली. डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्या माझ्यावर कधीच बसलेल्या नाहीत, त्यांना बसायला सवडच नसते. त्यांनी तपासणीची पट्टी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "पार्व्हो."

पार्व्हो हा कुत्र्यांचा रोग. त्याचा विषाणू फार चिवट. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो पडतो आणि बुटाला, बादलीला, खराट्याला, हाताला चिकटून पुढच्या पिंजऱ्यात जातो. माणसाला त्याने काही होत नाही, म्हणून आपण त्याला घेऊन हिंडतो आहोत हे माणसाला कळतच नाही. ऊन, थंडी, साधा साबण, कशालाही तो सहजी दाद देत नाही. वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, तो एखाद्या फटीत दबा धरून राहतो.

त्या दिवसापासून आमच्या घराचे रूप पालटले. पुढचे दार बंद झाले आणि 'नवे प्राणी घेतले जाणार नाहीत' अशी पाटी लागली. आजारी पिल्ले टोकाच्या खोलीत गेली. त्या खोलीचा खराटा वेगळा, वाट्या वेगळ्या, पिवळा एप्रन वेगळा, गमबूट वेगळे. दारात औषधी पाण्याचा ट्रे, आत-बाहेर जाताना बूट त्यात बुडवायचे. आधी धडधाकट पिल्लांचे काम, मग मोठ्या कुत्र्यांचे, आजाऱ्यांचे सगळ्यात शेवटी, आणि तिथून उलटे पाऊल नाही. मावशीला सगळ्यात जड गेले ते एकच. पिंजऱ्यावरून जाताना जाळीतून बोट घालून प्रत्येकाचे नाक खाजवायची तिची सवय. डॉक्टरीणबाईंनी ती बंद केली.

"एकाचं नाक, मग दुसऱ्याचं नाक. मावशी, तुमचं बोटच पोस्टमन होईल."

"बरं," मावशी म्हणाली आणि तेव्हापासून हात पाठीमागे बांधून बोळातून चालू लागली. कुत्री जाळीला नाके लावून वाट बघत राहायची. मला फार वाईट वाटे.

माझ्यावर कुणी बसेनासे झाले. खोलीत राहिलेली पिल्ले बरी होती, पण त्यांनाही मांडीवर घ्यायचे नव्हते. टोकाच्या खोलीतून दिवसाआड एखादी गुंडाळी मागच्या दाराने बाहेर जाई. मावशी त्या दिवशी कमी बोले. टोपलीतली बहुतेक सगळी गेली. शेवटी एकच उरले, सगळ्यात किडमिडीत. त्याला मावशी पावशेर म्हणायची.

पावशेरच्या उलट्या थांबल्या होत्या, पण तो पाणी घेत नव्हता. सलाईन चालू होते, तरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की त्याने स्वतः चाटले तर वाचेल. मावशी कामे उरकून त्याच्याजवळ फरशीवर बसायची. ती बसली की तो मान उचलायचा, दोन थेंब चाटायचा. ती उठली की पुन्हा मान खाली. पण मावशीचे गुडघे धड नव्हते. त्या गार फरशीवरून उठताना तिच्या तोंडून जो आवाज निघे तो मला बोळाच्या पुढच्या टोकाला ऐकू यायचा.

एका दुपारी ती पुढच्या खोलीत आली. प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. मला उचलले, बोळातून चालत नेले आणि आजाऱ्यांच्या खोलीत पावशेरच्या खोक्याशी ठेवले. मग पिवळा एप्रन घालून येऊन माझ्यावर बसली, पावशेरला चादरीत घेतले आणि हलके हलके डुलू लागली. टक टक. टक टक. पावशेरने डोळे मिटले, मग उघडले, आणि वाटीत तोंड घातले.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा वाटी अर्धी झाली होती. त्यांनी आधी वाटी पाहिली, मग मला.

"ही इथे कशी?"

"मी आणली. खाली बसलं की उठवत नाही हो मला."

"अहो, प्लास्टिकची आणायची ना."

"ती वाजत नाही. हा हिच्याच आवाजावर पितोय, बघा तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावरून हातमोजा फिरवला. "लाकूड आहे, मावशी. चिरा आहेत, सांधे आहेत. फरशी धुता येते, प्लास्टिक धुता येतं, ही कितीही घासलीत तरी आत जे शिरलं ते शिरलं. ही आता बाहेर यायची नाही. हे संपलं की जाळावी लागेल."

मावशी डुलायची थांबली. पावशेरने मान वर केली, म्हणून ती पुन्हा डुलू लागली.

"नंतरचं नंतर," ती म्हणाली.

मी हे सगळे ऐकले. भीती वाटली, नाही असे नाही. पण माझ्यावर पुन्हा कुणीतरी पाठ टेकून बसले होते.

पावशेर वाचला. आधी पाणी, मग पातळ पेज, मग एके दिवशी तो खोक्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर आला, दोनदा पडला, आणि माझ्या पुढच्या पायाला त्याने कडकडून चावा घेतला. मावशी हसली, हसता हसता एप्रनने डोळे पुसले. त्याच्या दातांच्या खुणा अजून माझ्या पायावर आहेत. त्याचा रोगही माझ्यातच आहे. दोन्ही एकाच पिल्लाचे, आणि दोन्ही पुसता येत नाहीत.

रोग गेला. पावशेरला आणखी काही दिवस ठेवून, आंघोळ घालून बाहेर नेले. वाट्या उकळल्या, भिंती-फरशी आधी साबणाने आणि मग औषधाने धुतल्या. टोपली, पोती, खराटे मागच्या अंगणात जाळले. माझ्या वेळेला मावशी म्हणाली, "उद्या बघते." डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हाही ती उद्याच म्हणाली. मग त्यांनी खोलीलाच कुलूप घातले.

मित्रांनो, एकटेपणा काय असतो हे मला या खोलीने शिकवले. कुलपाआड धूळसुद्धा फारशी येत नाही. दिवसभर मी ऐकत असायची. पुढचे दार पुन्हा उघडल्याचे ऐकले. पिल्लांची भांडणे ऐकली. एका दुपारी मावशीचा खराट्याचा तो खोटा खोटा आवाज आला, म्हणजे कुणीतरी पिल्लू बघायला आले होते. प्लास्टिकची खुर्ची कुरकुरली. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला, "नाव काय याचं?" आणि मावशी म्हणाली, "पावशेर. पण आता चांगला पोत्याएवढा झालाय."

माझ्यावर ज्याने जीव धरला तो प्लास्टिकच्या खुर्चीवरून घरी गेला. मी त्या दिवशी खूप रडले असते, खुर्चीला रडता येत असते तर.

मावशी कधीतरी बोळात दारापाशी येऊन थांबायची. तिची पावले मला कळतात, डाव्या पायावर भार जास्त. ती कुलपाला हात लावायची आणि परत जायची. मला वाटे, ती मला विसरली नाही. दुसऱ्या क्षणी वाटे, विसरली असती तरी काय बिघडले असते.

आणि आज. पिल्लांची खोली पुन्हा भरली आहे, म्हणून टोकाची ही खोली वापरात आणायची ठरली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की लाकडाची चौकट काढून लोखंडी बसवायची. त्यासाठी सुतारदादाला बोलावले. मावशीने पहाटेच आत येऊन माझे तोंड भिंतीकडे केले आणि अंगावर पोते टाकले. तेव्हा मला तिचे मन कळले नव्हते.

सुतारदादा आता पिकला आहे. मावशीने त्याला पिवळा एप्रन आणि गमबूट चढवायला लावले, तेव्हा तो कुरकुरला, "चौकट काढायला आलोय का भात लावायला?" ती गेल्यावर त्याने चौकट उचकटून मागच्या अंगणात नेली. परत आला आणि त्याची नजर पोत्याखालून दिसणाऱ्या माझ्या पायावर पडली. सुताराला आपला पाय ओळखू येतो. त्याने पोते ओढले.

त्याने मला हलवले. टक टक.

"अजून डुगडुगतेस होय," तो माझ्याशी बोलला. "आणि ही बया पुढे लोकांना प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर बसवते."

त्याने मला खांद्यावर घेतले आणि बोळाकडच्या दारात आला. पुढच्या खोलीतून पिल्लांचा गलका येत होता. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला जायचे होते. त्या गलक्यात जाऊन बसावे, कुणीतरी पाठ टेकावी, एवढेच मला दोन उन्हाळे हवे होते. आणि त्याच वेळी मला जायचे नव्हतेही, कारण त्या पिल्लांना अजून पुरत्या लसी झालेल्या नव्हत्या आणि माझ्या सांध्यांत काय आहे हे मला माहीत होते. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. मला खांद्यावरून उडी मारता आली असती तर मारली असती.

सुतारदादाने एक बूट ट्रेमध्ये टाकला, तेवढ्यात समोरून बादली घेऊन मावशी आली. तिने बादली खाली ठेवली आणि बोळात आडवी उभी राहिली.

"दादा, ठेव ती खाली."

"का? माझ्या हातची खुर्ची अशी तोंड फिरवून कोंडलीस? आवडत नव्हती तर सांगायचं होतंस, मी घरी नेली असती."

"रोग आहे तिच्यात."

"लाकडात कसला रोग? वाळवीसुद्धा नाही."

"पिल्लांचा आहे. मीच तिला आत नेली होती, एक पिल्लू हिच्याशिवाय पाणी पीत नव्हतं. ते वाचलं. पण ही आता धुतली तरी धुतली जात नाही, दादा. पुढे नेलीस तर ती सगळी जातील. हिला तेव्हाच जाळायची होती."

"मग जाळली का नाहीस?"

मावशीने त्याच्याकडे पाहिले नाही. "तू केली होतीस," ती म्हणाली.

सुतारदादाने बूट मागे घेतला आणि मला खोलीच्या मधोमध ठेवले, तोंड मागच्या दाराकडे करून. मग म्हणाला, "चौकटीबरोबर जाऊ दे हिला. पण मीच पेटवणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

तो आता अंगणात तेच लाकूड रचतो आहे. आणि मित्रांनो, आत्ताच, मी तुमच्याशी बोलत असताना, मावशी पिवळा एप्रन आणि गमबूट घालून आत आली आहे, आजाऱ्याकडे येतात तशी. ती माझ्यावर बसली आहे. आत सरकून, पाठ टेकून. तिची मांडी रिकामी आहे, तरी ती डुलते आहे. टक टक.

सुतारदादा दारात येऊन उभा राहिला.

"दुसरी करून देशील?" मावशी विचारते.

"तुमच्या डॉक्टरीणबाईंना लोखंडाची लागेल. लोखंड माझं काम नाही." मग तो म्हणतो, "बघतो कुणाकडून तरी. या खेपेला चारही पाय सारखे करून आणतो."

"नको. एक आखूडच असू दे."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला टाकू नका, आम्हाला जपा. मला उलटे सांगायचे आहे. माझी कीव येऊन कुणी मला मागे ठेवू नका. जपायचे असेल तर पिल्लांना जपा. त्यांच्या लसी वेळेवर घ्या. घरात नवीन पिल्लू आले तर ते कितीही केविलवाणे कुडकुडत असले तरी आधी वेगळे ठेवा, तिथेच त्याला ऊब द्या. एकाला हात लावलात तर दुसऱ्याकडे जाण्याआधी हात धुवा. आणि आजारी पडून एकटे पडलेले कुणी असेल तर त्याच्यापाशी जाऊन बसा, पण धुता येईल अशा कशावर तरी बसा.

मावशी उठली. माझा एक हात तिने धरला, दुसरा सुतारदादाने. ऊन माझ्या पायावरच्या दातांच्या खुणांवर पडले आहे. मी काही एवढी जड नाही, तो एकटाच मघाशी मला खांद्यावर घेऊन निघाला होता. तरी आता दोघे मिळून नेत आहेत.